गिलास आतून बघावा

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यात फडताळ उघडलं की स्टीलच्या डब्यांमागे नक्षीची काचेची बशी, साखरेचं भांडं, एखादा जाड बुडाचा गिलास निघतोच. मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "हे इंग्रजाच्या काळातलं कटग्लास हाय." इंग्रजांच्या काळातलं असेलही, कटग्लास बहुधा नसतं; ती साच्यात दाबलेली काच असते.

कटग्लासची नक्षी चाकावर घासून काढतात, तिच्या कडा बोटाला टोचतात. साच्यातल्या काचेची तऱ्हा वेगळी. लोखंडी साच्यात तापल्या काचेचा गोळा सोडायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. बाहेरची नक्षी साच्याची, आतली बाजू दट्ट्याची. म्हणून बाहेर कितीही हिरे-चांदण्या असोत, आत गुळगुळीत आणि कडा बोथट. साच्यात फुंकून केलेल्या गिलासात मात्र बाहेरच्या उंचवट्यामागे आत खळगा लागतो.

मग सांधा शोधावा. साचा दोन, तीन किंवा चार भागांचा, तितक्याच बारीक उभ्या रेघा. कारागीर त्या नक्षीच्या कडेत लपवत, त्यामुळे डोळ्याआधी नखाला सापडतात. नाही सापडल्या तरी निकाल देऊ नये: साच्यातून काढलेलं भांडं चकाकीसाठी पुन्हा आगीपुढे धरत, त्यात सांधाही विरे. बुडाशी एखादी आखूड सुरकुती दिसली तर तडा समजून फेकू नका. गोळा कात्रीनं कापल्याची ती खूण असते. खरा तडा उजेडात तिरपा धरला की चमकतो.

बुडावर पत्त्यातल्या चौकटसारखा टोकदार हिरा आणि त्याच्या माथ्यावर रोमन तीन (III) असेल, तर नक्षी १८४२ ते १८८३ दरम्यान इंग्लंडात नोंदलेली. १८८४ पासून हिऱ्याऐवजी नुसता नोंदणी क्रमांक आला. मोराचं मुंडकं असेल तर इंग्लंडातला सोवर्बीचा काचकारखाना. पण ही तारीख नक्षीच्या नोंदणीची. साचा पुढे कैक वर्षं चालत असे. नक्षी झिजल्यासारखी वाटली तर दोष बहुधा त्या दमलेल्या साच्याचा. आणि बुडावर रोमन लिपीत 'जैन' दिसलं, तर ते फिरोजाबादचं आहे. ते मला अधिक मोलाचं वाटतं, पण लोकांना इंग्रजाचा हट्ट सोडवत नाही.

नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली युरेनियम मिसळलेली काच झगझगीत हिरवी दिसते. मँगनीज मिसळलेली अगदी फिकी. बुडाचे ओरखडे मात्र नीट पाहावेत. वापरातले वेडेवाकडे, चहूकडे जाणारे; एकाच दिशेचे असतील तर जुनं भासवायला मारलेल्या सँडपेपरचे.

खारपाण पट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याकडे, आतला पांढुरका थर फसवतो. तो क्षारांचाही असू शकतो आणि काच खराब झाल्याचाही. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवा. कढत पाणी नको, जाड जुनी काच तडकते. क्षार असतील तर सुटतात. ओलं असताना स्वच्छ आणि वाळल्यावर पुन्हा पांढरं होत असेल, तर काचच खाल्ली गेली आहे. तिला घरगुती उपाय नाही. विकणारे अशा गिलासाला आतून तेलाचं बोट लावतात, म्हणून पैसे देण्याआधी आत कोरडा रुमाल फिरवून घ्यावा.