दोन लिटर टर्बो, अपडेट ७: ५डब्ल्यू-३० सोडलं, ५डब्ल्यू-४० वर आले

माझ्या गाडीचे मागच्या वेळी ब्रेक पॅड झाले, आता इंजिन ऑइल. हे खरं आधीच करायचं होतं, पण जुन्या ऑइलचा सॅम्पल लॅबला दिला होता आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय नुसत्या अंदाजाने ग्रेड बदलायची नव्हती मला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, इंजिन दोन लिटर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, वर स्टेज १ मॅप (ताकद वाढवणारं पहिल्या पायरीचं सॉफ्टवेअर ट्यूनिंग). रोजचा प्रवास इतका छोटा की ऑइल नीट तापायच्या आत गाडी पार्किंगला लागते, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा ट्रॅक. म्हणजे ऑइलला दोन्हीकडून मार. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या टाकीत उतरतं आणि ऑइल तापलंच नाही की ते उडून जात नाही, साचत राहतं. मग तेच पेट्रोल मिसळलेलं ऑइल घेऊन मी ट्रॅकवर जाते आणि १२८ डिग्रीपर्यंत तापवते. (पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन गरम झालं असं नसतं हां, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. ऑइल टेंपरेचरचा वेगळा गेज लावल्यापासून ८० डिग्रीच्या आत मी टर्बोकडून बूस्ट मागतच नाही.)

आता रिपोर्ट. जुनं ऑइल ५डब्ल्यू-३०, चाललं ६००० किमी. नवं असताना डेटाशीटवर १०० डिग्रीला व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १०.३ सेंटीस्टोक्स, सॅम्पल काढला तेव्हा ८.८. ऑइलच्या ग्रेड ज्यावरून ठरतात त्या एसएई (इंजिनिअरांची संस्था) च्या जे३०० टेबलात ३० ग्रेड सुरू होते ९.३ पासून, त्याच्या खाली आलं की ती त्याहून पातळ २० ग्रेड. म्हणजे डब्यावर ३० लिहिलेलं आणि इंजिनात प्रत्यक्षात २० फिरत होतं, तेही टर्बो आणि ट्रॅकच्या लोडखाली! पेट्रोल निघालं ३.६ टक्के, म्हणजे कारण समोरच आहे. लोखंड, तांबं, शिसं हे आकडे मात्र शांत आहेत, बेअरिंगला काही झालेलं नाही, ते वाचून खरंच जीव भांड्यात पडला. सिलिकॉनही कमी, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूने धूळ आत येत नाहीये.

आता निवडीचं, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डब्यावरचा पुढचा आकडा, म्हणजे ५डब्ल्यू, हा फक्त थंडीतला हिशोब. ५डब्ल्यूची क्रँकिंग टेस्ट उणे ३० डिग्रीला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. मागचा आकडा १०० डिग्रीचा. पण माझं ऑइल १२८ ला पोचतं, आणि बेअरिंगमधल्या त्या बारीकशा फटीत तर त्याहून गरम आणि वर प्रचंड वेगाने घासलं जातं. तिथे ऑइल किती घट्ट राहतं हे सांगणारा आकडा वेगळाच, एचटीएचएस, जो १५० डिग्रीला मोजतात. ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. माझ्या जुन्या ऑइलचा नवं असतानाच ३.० होता, मग पेट्रोल मिसळल्यावर किती राहिला असेल तुम्हीच विचार करा.

सगळी ३० ग्रेडची ऑइल अशीच पातळ असतात असंही नाही. एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) च्या सी३ किंवा ए३/बी४ या दर्जांमधलं ३० असेल तर त्यालाही एचटीएचएस किमान ३.५ असावाच लागतो, त्यामुळे दोन ५डब्ल्यू-३० चे डबे शेजारी ठेवले तरी आतलं ऑइल एकसारखं असेलच असं नाही. म्हणून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, आणि तिथे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलं अप्रूव्हल नंबरासकट लिहिलंय का ते बघा, कारण "योग्य" किंवा "शिफारस" असं लिहिणं वेगळं आणि अप्रूव्हल मिळालेलं असणं वेगळं.

सी३ मधल्या ३० चा मी खूप विचार केला. पण पेट्रोल तर मिसळणारच आहे, तेव्हा वरून थोडी राखीव जागा हवी म्हणून ४० वर गेले, मॅन्युअलमध्ये दोन्ही ग्रेड चालतात. गाडीत जीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) नाही म्हणून ए३/बी४ घेता आलं, ज्यांच्या गाडीत जीपीएफ आहे त्यांनी सी३ च बघा, त्यात राख कमी असते आणि फिल्टर लवकर भरत नाही. शिवाय मला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चा एसपी दर्जा पण हवाच होता. कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट दिल्यावर जो एलएसपीआयचा (स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा) धोका असतो त्याची टेस्ट त्यात आहे, आणि स्टेज १ मॅपवर टॉर्क खालूनच येतो त्यामुळे तो धोका मी हलक्यात घेत नाही. शेवटी जे घेतलं त्याचं १०० डिग्रीला १३.६, एचटीएचएस ३.७, नोआक (तापल्यावर उडून जाणारा भाग) १० टक्के.

१०डब्ल्यू-६० घाल असं दोघातिघांनी मनापासून सुचवलं. बीएमडब्ल्यूने त्यांच्या एस५४ इंजिनाला ते कंपनीतूनच दिलं होतं हे खरं, पण ते ८००० आरपीएमचं इंजिन आणि ते ऑइल त्या इंजिनासाठी ठरवलेलं. माझं इंजिन अर्धं आयुष्य थंड चालतं, त्यात इतकं घट्ट ऑइल म्हणजे सकाळी स्टार्ट केल्यावर वरपर्यंत पोचायला उशीर आणि पंपावर उगाच ताण.

बदलायचं काम सरळ झालं. ऑइल गरम असतानाच काढलं, फिल्टर नवा, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा, बोल्ट टॉर्क रेंचनेच. अर्धा लिटर कमी भरलं, इंजिन चालवून बंद केलं, सपाट जागेवर थांबून डिपस्टिक बघत बघत उरलेलं टाकलं. मार्कच्या वर अजिबात जाऊ देऊ नका, क्रँक ऑइलमध्ये बुडायला लागला की फेस होतो आणि फेस पंपाने ओढला तर प्रेशर गेलंच.

परवाच्या ट्रॅक डेचा निकाल असा की गरम आयडलला प्रेशर १.२ बारवरून १.६ वर आलं. पण प्रेशर वाढलं म्हणजे जास्त ऑइल पोचतंय असा अर्थ मी काढत नाहीये, घट्ट ऑइलला प्रेशर जास्त दिसणारच, एवढंच म्हणेन की चौथ्या सेशनलाही ते पहिल्या सेशनइतकंच होतं, आधी ते दर सेशनला घसरायचं. आणि टेंपरेचर? १२८ चं १३१ झालं. घट्ट ऑइल स्वतःच घर्षणाने जास्त तापतं, त्यामुळे हे थोडं अपेक्षितच होतं. उष्णतेचा प्रश्न ग्रेड बदलून सुटलेला नाही.

त्यामुळे पुढचं काम ऑइल कूलर, बंपरमागची जागा मोजून ठेवलीये. थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेटच (फिल्टरखाली बसते, ऑइल तापल्यावरच कूलरकडे सोडते) घेणार, साधी नाही, नाहीतर रोजच्या छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइल कधी तापणारच नाही आणि ते ३.६ टक्के पेट्रोल अजून वाढेल. पुढचा सॅम्पल ६००० ला नाही, ३००० लाच काढतेय, आकडे आले की टाकते.