डब्यातली लॅप्रोस्कोपी आणि माझा डावा हात

सर्जरीच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, म्हणजे जेआर वनचं, माझं लॅप्रोस्कोपीत (पोटाला छोटी भोकं पाडून कॅमेऱ्यावर बघत केलेलं ऑपरेशन) कॅमेरा धरण्यातच गेलं. "होरायझन सरळ ठेव" आणि "लेन्स पूस" ही दोन वाक्यं वर्षभर ऐकली, आणि एवढं बघतोय म्हणजे आपल्यालाही जमेलच असं वाटायला लागलेलं. सेकंड इयरला सरांनी एकदा ग्रास्पर (पकडायचा लांब चिमटा) हातात दिला, म्हणाले पित्ताशय नुसतं उचलून डावीकडे घे. मी हात डावीकडे नेला तर टोक उजवीकडे. इन्स्ट्रुमेंट पोटाच्या भिंतीत पोर्टवर (भोकातल्या नळीवर) टेकलेलं असतं त्यामुळे बाहेर हात जाईल त्याच्या उलट आत टोक जातं, याला फुलक्रम इफेक्ट म्हणतात, हे मी पेपरात लिहिलंसुद्धा होतं. दोन मिनिटांत ग्रास्पर माझ्याकडून गेला.

आमच्याकडे सरावाचा सिम्युलेटर आहे हो, स्किल लॅबमध्ये, कव्हर घालून ठेवलेला. किल्ली ज्यांच्याकडे ते पाचला घरी जातात आणि आमची ओटी (ऑपरेशन थिएटर) पाचला सुटली तर दिवाळी.

मग वाचनात आलं की अमेरिकेत जनरल सर्जरीच्या बोर्डासाठी एफएलएस नावाची, लॅप्रोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांची परीक्षा पास व्हावी लागते आणि तिचे पाचही टास्क साध्या बॉक्समध्येच असतात, व्हीआर बीआर काही नाही. म्हटलं बॉक्स तर आपणही करू. भांड्याच्या दुकानातून प्लास्टिकचा मोठा डबा आणला, झाकणाला दोन भोकं पाडून रबर लावलं, मधे एक खिडकी कापून वर मोबाईल ठेवला, आत एलईडीची पट्टी. ओटीच्या इनचार्ज सिस्टरांच्या मागे लागून कंडेम झालेला मेरीलँड (बाकदार टोकाचा चिमटा), एक ग्रास्पर, कात्री आणि सैल झालेला नीडल होल्डर मिळवला ("परत आणून दे गं बाई, नाहीतर माझ्या रजिस्टरला लागेल").

पहिला टास्क पेग ट्रान्सफर, म्हणजे 12 खुंट्या, 6 रिंगा. डाव्या हाताने उचलायची, हवेतच उजव्या हातात द्यायची, पलीकडच्या खुंटीत घालायची, सहाही झाल्या की तसंच उलट. पहिल्या दिवशी मला सात मिनिटं लागली आणि दोन रिंगा पडल्या, वर आईचा व्हिडिओ कॉल आला म्हणजे कॅमेराच गेला! तीन आठवड्यांनी दोन मिनिटांच्या आत आले. तास मोजले नाहीत, सिनियरचा टाइम गाठायचा एवढंच ठरवलेलं. 2002 साली छापून आलेला येलचा 16 रेसिडेंट्सचा अभ्यास आहे, त्यातही सिम्युलेटरवाल्यांना एक्सपर्टची पातळी गाठेपर्यंतच बसवलेलं, आणि त्यांनी पित्ताशय लिव्हरपासून 29 टक्के कमी वेळात सोडवलं.

खरी रडवली ती आतली गाठ, म्हणजे इन्स्ट्रुमेंटनीच डब्याच्या आत मारायची. ग्लोव्हचं बोट कापून त्याला चीर दिली आणि टाके घालत बसले, तर धागा सारखा स्वतःभोवतीच गुंतायचा. आठवडाभर वाटलं हातच खराब आहे, मग सिनियर येऊन बघून म्हणाला अगं धागा केवढा घेतलायस, 15 सेंटीमीटरला काप, आणि इंग्रजी सी सारखा ठेवून त्याच्यावर गुंडाळ. त्या रात्री पहिल्यांदा डबल थ्रो (दोन वेढ्यांची गाठ) आणि त्यावर दोन सिंगल असे नीट बसले. मग नाशिकची द्राक्षं सोलली, गर न फाडता. फाटलेली रूममेट खायची, तिची चंगळ.

सहा महिन्यांनी सरांनी लिव्हरवरून पित्ताशय सोडवायला दिलं. डक्ट (पित्ताशयाची नळी) आणि आर्टरी त्यांनीच क्लिप केलेली. डावा हात आपोआप योग्य बाजूला ताण देत होता आणि मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. हुकने (विजेवर कापणारा आकडा) अर्धं सोडवलं आणि फंडसपाशी, म्हणजे पित्ताशयाच्या फुगीर टोकाशी, भोक पडलं, हिरवं पित्त बाहेर. डब्यात हे कधी झालंच नव्हतं, मी हुक तसाच धरून थिजले. सर म्हणाले, "सक्शन घे, भोकावर ग्रास्पर लाव, चालू दे." चालू दे म्हणाले, इन्स्ट्रुमेंट काढून नाही घेतलं.

डबा आता जेआर वनच्या रूममध्ये आहे. त्याने दोन रिंगा हरवल्यात आणि सिस्टर मेरीलँड मलाच मागतायत.