डिस्कमागचा गंजलेला पत्रा: काढावा की बदलावा?

मागच्या वर्षी पाऊस सरता सरता आमच्या नऊ वर्षांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून पत्रा घासल्यासारखा बारीक किरकिर आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला तरी तो थांबत नसे आणि गाडी वळवताना मात्र वाढत असे, त्यामुळे ब्रेक पॅड संपल्याची शंका मी लवकरच सोडून दिली. चाक काढून पाहिले तेव्हा कारण समोरच दिसले. ब्रेक डिस्कच्या, म्हणजे ब्रेक पॅड जिला दोन्ही बाजूंनी आवळतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या मागे बसवलेला पातळ गोल पत्रा, ज्याला आमच्याकडचे मेकॅनिक डस्ट कव्हर म्हणतात, खालच्या कडेने पूर्ण कुजला होता. पेचकसाचे टोक लावताच तांबूस पापुद्रे सुटले आणि दोन बोटांएवढा तुकडा हातात आला. वाकलेली उरलेली कड डिस्कला टेकत होती आणि डिस्कच्या आतल्या बाजूवर तेवढ्याच जागी एक चकचकीत रेघ उमटली होती.

रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला या गंजाचे नवल वाटण्याचे कारण नाही. खाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्यावर बसते, हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि ते खारट पाणी वीज सहज वाहून नेत असल्यामुळे लोखंड झिजवणारी रासायनिक क्रिया साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने चालते. त्यातच जांभ्याची लाल माती पत्र्याच्या खालच्या घडीत जाऊन बसते आणि दिवसेंदिवस ओली राहते. जाड बिडाची डिस्कही गंजते, पण रात्रीच्या पावसाने तिच्यावर आलेला तांबडा थर पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पुसला जातो. मागच्या पत्र्याला पुसणारे कोणी नसते.

गॅरेजमधल्या मुलाने तपासून लगेच सांगितले, “काका, हा पत्रा काढूनच टाकू. पुष्कळ गाड्यांना तो उरलेलाच नसतो, तरी गाड्या चालतात ना?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हा पत्रा ब्रेक लावण्याचे काम करत नाही आणि तो नसला म्हणून गाडी थांबायची राहत नाही. तरीही मी तो कायमचा काढू दिला नाही, कारण तो जे काम करतो त्याची गरज आमच्या रस्त्यांवर पुण्याच्या रस्त्यांपेक्षा जास्त आहे. चाकाने उडवलेले पाणी, चिखल आणि बारीक खडी डिस्कच्या आतल्या बाजूवर थेट जाऊ नये म्हणून तो आडोसा असतो. आडोसा गेला की आतला पॅड आणि आतली बाजू बाहेरच्यापेक्षा लवकर झिजू शकते, आणि ही झीज चाकाच्या बाहेरून पाहणाऱ्याला कळतच नाही. दुसरे काम उष्णतेचे आहे. आंबा घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक लागला की डिस्क सहज २००–३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि तिच्या मागे थोड्याच अंतरावर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या चाक वळवणाऱ्या-हलवणाऱ्या सांध्यांचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणाऱ्या टोप्या, असतात. रबर उष्णतेने कडक होऊन चिरले की आतले ग्रीस बाहेर येते, पाणी आत जाते आणि मग कित्येक पटींनी महाग दुरुस्ती उभी राहते. काही गाड्यांत एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायरही याच पत्र्याच्या आधाराने नेलेली असते. ती लोंबकळत सोडणे मला अजिबात पटत नाही.

एक गोष्ट मात्र फार नीट समजून घ्यायला हवी. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर ड्रमच्या मागे दिसणारी तशीच गोल प्लेट हा नुसता आडोसा नव्हे. ड्रमला आतून घासणारे ब्रेक शूज आणि त्यांना ढकलणारा व्हील सिलिंडर त्या प्लेटवरच बसवलेले असतात आणि ब्रेकचा सगळा जोर ती सोसते. ज्या गाड्यांना मागे डिस्क असून हँडब्रेकचे छोटे शूज डिस्कच्या पोटात असतात, तिथेही मागची प्लेट अशीच महत्त्वाची असते. ती कुजली असेल तर कापण्याचा किंवा काढण्याचा विचारही करू नये. ती बदलायचीच असते.

पुढचा पत्रा बदलण्यातली खरी अडचण पत्र्याच्या किमतीची नाही, तो काही शे रुपयांत मिळतो. अडचण अशी की आमच्या गाडीत तो नकलला (चाकाचा भार पेलणाऱ्या जाड ओतीव भागाला, इंग्रजीत knuckle) तीन छोट्या बोल्टांनी धरलेला आहे आणि पत्र्याच्या मधल्या भोकातून हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो फिरता भाग, बाहेर येत नाही. म्हणजे आधी हब प्रेसवर दाबून काढायचा, आणि तसे करताना व्हील बेअरिंग बहुधा वाया जाते. तीन बोल्टांच्या पत्र्यासाठी चांगले बेअरिंग खर्ची घालणे मला योग्य वाटले नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही पत्र्याच्या कात्रीने फक्त कुजलेली, हलणारी कड कापली, उरलेला भाग हाताने किंचित मागे वाकवून डिस्कपासून सुटा केला आणि चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही याची खात्री केली. लोंबणारा तुकडा तसाच ठेवण्यापेक्षा कापलेला बरा, कारण तो तुटून डिस्क आणि कॅलिपरच्या (पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या) मध्ये अडकू शकतो.

या एप्रिलमध्ये त्याच चाकाचे बेअरिंग घुमू लागले, तेव्हा दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि पत्रे एकदमच बदलले. बोल्ट गंजून धरले होते. त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी टाकून ठेवले होते, तरी डावीकडच्या एकाचे डोके तुटलेच आणि ते ड्रिलने काढावे लागले. नवे पत्रे बसवण्याआधी मी घरी त्यांच्या कडांवर आणि भोकांभोवती झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर उष्णता सोसणारा रंग दोन हात दिला, कारण कारखान्याचा काळा थर कापलेल्या कडेवर सर्वांत पातळ असतो आणि गंजही तिथूनच शिरतो. गाडीच्या तळाला मारतात तो डांबरी लेप मात्र इथे लावू दिला नाही. तापलेल्या डिस्कशेजारी तो वितळून तिच्यावर उडणे परवडणारे नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुताना चाके काढून पाहिली. उजव्या पत्र्याच्या खालच्या घडीत थोडी लाल माती होती, ती गोड्या पाण्याने धुतली. डाव्यावर खडीने रंग उडालेला नखाएवढा ठिपका होता, तो घासून पुन्हा रंगवला. डिस्कच्या दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या आहेत आणि किरकिर अजून तरी परतलेली नाही.