जनता परत आली

माझ्याकडे घड्याळं किती, हा आकडा मी कुणाला सांगत नाही. लपवायचं असतं म्हणून नव्हे, तर सांगितलेला आकडा पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही म्हणून. एक येतं, त्याच्या पैशांसाठी दोन जातात, मग गेलेल्यातलं एक आठवायला लागतं. बायकोने मोजणं सोडून दिलंय. अनोळखी पट्टा दिसला की ती एवढंच विचारते, "अहो, हे नवीन का?" मी म्हणतो, "नाही गं, जुनंच आहे." यात खोटं काही नाही. मी घेतो ती बहुतेक घड्याळं माझ्याकडे यायच्या आधी दोन-तीन मनगटं फिरून आलेली असतात.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. इथल्या अकरावी-बारावीच्या पोरांचा दिवस काट्यावर चालतो. पहाटेची बॅच, मग कॉलेज, दुपारची टेस्ट, रात्री अभ्यासिका. आणि हा सगळा आटापिटा ज्या 'नीट'साठी, तिथे मनगटावर घड्याळ चालत नाही. त्यामुळेच की काय, वर्गात पोरं माझ्या हाताकडे फार बघतात. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, आज दुसरी घातलाव." मी ऐकलं नाही असं दाखवतो आणि मनातून सुखावतो.

दोलनगती शिकवताना या नादाचा उपयोगही होतो. त्या दिवशी मी कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घालून जातो. हे मॉडेल १९८९ चं, प्लास्टिकचं, वजन एकवीस ग्रॅम, आणि आजही मिळतं. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. फळ्यावर हा आकडा लिहिला की पोरांना तो ओबडधोबड वाटतो. मग त्यांना तो दोनने भागायला सांगतो, भागतच राहायला सांगतो. पंधराव्या वेळी बरोबर एक उरतो, तोच तुमचा सेकंद. वर्गात एक 'आँ' उमटतो. एवढ्या वर्षांत त्या 'आँ'ने मला कधी दगा दिलेला नाही. दुसऱ्या दिवशी चावीचं घड्याळ नेतो आणि एकेकाच्या कानाला लावतो. तिथे तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. स्फटिकाच्या मानाने फारच संथ कारभार. पण ऐकू येतो.

नादाला हंगाम असतात. एका हंगामात मला पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांनी झपाटलं. फिरती कड, अंधारात चमकणारे काटे, २०० मीटर खोलीची हमी. हे कुठे, तर लातुरात! २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या गावात मी २०० मीटर पाण्याला दाद न देणारं घड्याळ बांधून हिंडत होतो. त्याला ओलावा लाभला तो माझ्या घामाचाच. ते गेलं. मग पातळ घड्याळांचा हंगाम आला. टायटनचं एज, केस जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीची. कारागिरी म्हणून आजही मला ते थोरच वाटतं, पण हाताला कळतच नव्हतं की काही बांधलंय. ज्याचा विसर पडावा ते मुद्दाम कशाला बाळगायचं? तेही गेलं.

सिकोचं एक ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना विकलं होतं. वर्षभर ते स्टाफरूममध्ये समोर बसायचे आणि हात हलवून बोलायची त्यांना सवयच. निळी डायल डोळ्यांपुढून हलायची नाही. शेवटी पाचशे रुपये चढे देऊन परत घेतलं. लोक हसले. मला त्यात वावगं काही दिसत नाही. वर्षभर त्यांनी ते रोज बांधलं, ऑटोमॅटिकला पडून राहण्यापेक्षा ते बरं. राखणीचे पाचशे गेले म्हणायचे.

या सगळ्या देवाणघेवाणीचे साक्षीदार म्हणजे घड्याळवाले मामू. त्यांचं टेबल गंजगोलाईजवळ, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेजवळ आहे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बारा असते तर मी तिला डायलच म्हटलं असतं. मामूंच्या टेबलावर काचेची पेटी, चिमटे, सेल, पट्ट्यांचं झुंबर, आणि उजव्या डोळ्याला भिंग. बोलताना ते भिंग काढत नाहीत, त्यामुळे आपल्यालाच तपासतायत असं वाटतं. जुन्या एचएमटी घड्याळांचे भाव चढल्यापासून बाजारात रंगवलेल्या डायली फार आल्या आहेत. 'पायलट' हे मुळात काळ्या डायलचं घड्याळ. आता ते केशरी मिळतं, पोपटी मिळतं. एकदा असंच एक मी हौसेने पुढे केलं. मामूंनी मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "सर, रंग नया है, मशीन किसी और की है, काच तीसरे की. ये घड़ी नहीं, बारात है." तरीही दोन महिने मी ती वरात हातावर मिरवली. दिसायला छानच होती, उगाच नावं का ठेवा?

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला उभा राहिला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान ही नावं एका पिढीला पाठ होती. दिवस-तारखेचं 'कांचन' तर लग्नात जावयाला मिळालं की वऱ्हाडात चर्चा व्हायची. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. लातुरात त्याचं दुःख करायला कुणाला सवड नव्हती. नळ कधी येणार हे सांगू शकेल असं घड्याळ तेव्हा कुठल्याच कंपनीकडे नव्हतं.

माझ्याकडे 'जनता' आहे. पांढरी डायल, देवनागरी आकडे, चावीचं. ऐकणाऱ्याला वाटतं वडिलांची आठवण असणार. तसं काही नाही. वडिलांनी जन्मात घड्याळ बांधलं नाही. औशाकडच्या आमच्या गावी सकाळची एसटी गेली की त्यांची न्याहारी आणि संध्याकाळची परतली की औत सुटायचं. एसटीला उशीर झाला तर बैलांनाही ओव्हरटाइम. 'जनता' मी मामूंकडूनच घेतलं, त्या वेळी मनात होतं दुसरंच काही, ते मिळालं नाही म्हणून. थोडक्यात, आमचं नातं तडजोडीतून जमलेलं.

आणि नेमकं तेच परत परत हातावर येतं. बाकीची येतात, मिरवतात, जातात. पुढचं काय घ्यावं हे सुचत नसतं अशा एखाद्या सकाळी चहा उकळेपर्यंत मी डबा उघडतो आणि हात आपसूक तिकडे जातो. यात भावनेइतकाच आळसही आहे, हे सांगितलं पाहिजे. ऑटोमॅटिक आठवडाभर पडलं की बंद. पुन्हा बांधायचं तर वेळ लावा, वार लावा, तारीख लावा. त्यातही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असतील तर तारखेला हात लावायचा नाही, कारण तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दात मोडायची भीती. 'जनता'ला तारीखच नाही. चावी द्या, वेळ लावा, चालायला लागा. किती दिवस कुठे होतात, असा हिशेब ते मागत नाही.

आणखी एक फरक मला फार उशिरा जाणवला. घड्याळ नवं असलं की दिवसभर माझी नजर त्याच्यावर असते. काटे कसे घडवलेत, काचेवर उजेड कसा पडतो. तेवढ्यात कुणी विचारतं, "सर, किती वाजले?" आणि मला पुन्हा बघावं लागतं. 'जनता'कडे पाहिलं की पावणेअकरा दिसतात, घड्याळ दिसत नाही.

परत येणं मनगटाला मात्र लगेच पचत नाही. आमच्याकडचं ऊन काही लपू देत नाही. मार्च-एप्रिलात मोठ्या डायलचं घड्याळ मिरवलं की त्याच्या मापाचा गोरा गोल हातावर उमटतो. मे महिन्यात त्या जागी लहानखुरं 'जनता' बांधलं की चहूबाजूंनी आधीच्या भाडेकरूची हद्द दिसत राहते. आठ-पंधरा दिवस शेतात-बाजारात फिरलं की ती मिटते. चामड्याचा पट्टा तेव्हा चालत नाही, घामाने महिन्याभरात कडक होऊन वास मारायला लागतो. म्हणून उन्हाळ्यापुरता नायलॉनचा. घड्याळांचे शौकीन याला नाक मुरडतात. त्यांनी एकदा लातूरच्या मे महिन्यात भर दुपारी बसस्टँडवर उभं राहून दाखवावं.

आता उदगीरच्या एका मित्राचा फोन आलाय. "सर, ऑल्विन सापडलंय, चालू हाय. येताव का?" हैदराबादच्या ऑल्विनने सिकोच्या सहकार्याने घड्याळं काढली होती, आणि आमचा निम्मा ओढा अजून हैदराबादकडेच, तेव्हा ते माझ्याकडे नसणं बरं दिसत नाही. शनिवारी जातोय. पैशांची सोय म्हणून निळ्या सिकोबद्दल रसायनशास्त्राच्या सरांकडे पुन्हा शब्द टाकला. ते म्हणाले, "घेतो, पण ह्या वेळी परत मागितलं तर हजार चढे." मी हो म्हणून बसलोय.