तुम्ही विचारलंत म्हणून : शब्द काढले तर पंकमध्ये उरतं काय?

अमळनेरला राहून पंक, म्हणजे ते रांगडं, बंडखोर रॉक, ऐकणारा माणूस म्हणजे आधीच चेष्टेचा विषय. त्यात मी हल्ली बिनगाण्याचं पंक ऐकतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पंक म्हणजे राग, घोषणा, आरडाओरडा. शब्दच काढले तर त्यात उरलं काय?"

माझे काका लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. चोपड्याकडच्या एका वरातीत भर चौकात जनरेटर बंद पडला. गायकाचा माईक, बेंजो, कीबोर्ड, भोंगे, सगळं एका झटक्यात मुकं. काकांनी रीड जिभेनं ओली केली आणि गाणं तुटलं होतं त्याच्या पुढच्या ओळीपासून उचललं. मागे ढोल-ताशा होताच. नाचणारे थांबले तर नाहीतच, उलट शब्द तेच ओरडायला लागले. गायक बिचारा मेलेला माईक धरून उभा.

'द क्लॅश' या इंग्लिश पंक बॅण्डच्या 'बँकरॉबर' गाण्याची १९८० सालची डब आवृत्ती ऐकताना मला तो चौक आठवतो. मूळ गाणं मिकी ड्रेड या जमैकन निर्मात्याच्या हाताखालचं. डब करणारे गायकाचा आवाज बाजूला सारतात, बेस आणि ड्रम पुढे आणतात, मधेच एखादा तुकडा घुमवून सोडतात. राहिलेल्या जागेत गाणं तुमचं तुम्ही म्हणायचं.

पण एवढ्यानं प्रश्न सुटत नाही, कारण वरातीत सगळ्यांना शब्द पाठ होते. जिथं शब्द कधी नव्हतेच, तिथं काय? 'ब्लॅक फ्लॅग' या अमेरिकन पंक बॅण्डनं १९८५ मध्ये 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' ही रेकॉर्ड काढली. हेन्री रॉलिन्ससारखा गळ्याच्या शिरा ताणून गाणारा माणूस बॅण्डमध्ये असताना तिच्यात गायलेलं एकही गाणं नाही. ग्रेग गिनची गिटार सुरात चाललीय म्हणावं तर तेवढ्यात ती वाट सोडते, आणि किरा रोसलरचा बेस मात्र आपली लाईन सोडत नाही. मला पहिल्यांदा ते रियाजासारखं वाटलं होतं. खरं सांगायचं तर दहा मिनिटांत बंद केलं होतं. आता वाटतं, राग त्या हट्टातच आहे. रॉलिन्स फक्त त्याला आवाज देत होता.

'सेक्स पिस्टल्स' या पंक बॅण्डचा गायक जॉन लायडन, त्याचंही तेच. जानेवारी १९७८ मध्ये 'सेक्स पिस्टल्स' फुटले आणि त्याच वर्षी त्यानं 'पब्लिक इमेज लिमिटेड' हा नवा बॅण्ड उभा केला. त्यांची १९७९ ची 'मेटल बॉक्स' म्हणजे पत्र्याच्या गोल डब्यात तीन रेकॉर्डी. तो गातो, पण डब्याचा मालक जा वॉबलचा बेस आहे.

पंकच्या गाण्यांच्या पियानोवरच्या, व्हायोलिनवरच्या गुळगुळीत आवृत्त्या मात्र मला सोसत नाहीत. भरितातून धूर आणि मिरची काढली की उरतं ते उकडलेलं वांगं.

सध्या माझ्याकडे वाजतंय 'द मेसथेटिक्स'. 'फुगाझी' या पंक बॅण्डचे जो लॅली आणि ब्रेंडन कँटी, म्हणजे तोच बेस, तेच ड्रम, आणि जोडीला अँथनी पिरॉगची गिटार. गायक नाहीच. २०२४ मध्ये त्यांनी जेम्स ब्रँडन लुईस या सॅक्सोफोनवाल्याबरोबर अल्बम केला, तोही जॅझचा थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ज्या 'इम्पल्स'वर होता त्या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर. परवा तो काकांना ऐकवला. वय झालंय, दात गेल्यापासून क्लॅरिनेट पेटीत आहे. सुरुवातीला विचारलंच, "गानारा कोठे शे?" मग गप्प बसून ऐकलं. "ढोलवाला भारी शे," म्हणाले. सॅक्सोफोनची एक लांबलचक ओळ आली तशी त्यांनी हात वर केला, मला ती मागे घ्यायला लावली, पुन्हा लावायला लावली, आणि तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "हा श्वास कोठे घेतो, ते सांग मला."