लोहगावचं धुकं: सातच्या मेटारचं भूत सापडलं

सापडलं एकदाचं! पुण्याच्या लोहगाव विमानतळावरच्या धुक्याचा अंदाज मी एमओएसने काढतो, म्हणजे जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलच्या आकड्यांची जुन्या निरीक्षणांशी सांगड घालणाऱ्या समीकरणांनी. गेल्या वेळचं माझं रडगाणं आठवत असेल: सकाळी साडेसहाच्या मेटारला (विमानतळाच्या हवामान-नोंदीला) समीकरण धुक्याची शक्यता झकास देतं आणि सातला ती धपकन खाली. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा सातला धुकं विरायचं काही कारणच नाही.

आधी संशय जीएफएसवर. पाव अंशाच्या चौकटीत, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरमध्ये, लोहगावचा माळ आणि नदीकाठ एकत्र कोंबलेले. मग मार्च २०२१ आधीचा सगळा डेटा काढून टाकला. तेव्हा जीएफएसची सोळावी आवृत्ती आली. जुन्या मॉडेलच्या चुकांवर बेतलेलं एमओएस नव्याला लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं. नोंदी आटल्या, सातचा खड्डा तिथेच.

परवा वैतागून नुसते आकडे शेजारी मांडले. सात, साडेसात, आठ: तिन्ही ओळींत मॉडेलचा दवबिंदू, वारा, सगळं दशांशापर्यंत सारखं! आपले मेटार अर्ध्या तासाला, मॉडेल तासाला, आणि जोडणी मी पांडाज या पायथन लायब्ररीच्या राउंडवर, म्हणजे वेळ जवळच्या तासाला नेण्यावर सोडलेली. नेमका अर्धा आला की ते पठ्ठं सम आकड्याकडे वळतं. ०१३० (जागतिक वेळ म्हणजे झेड; आपले सकाळचे सात) गेला ०२ झेडला, ०२३० (आपले आठ) पण ०२ झेडला. ०१ झेडच्या वाट्याला एकटा ०१००. म्हणजे साडेसातचं, ऊन लागलेलं तापमान मी सातच्या धुक्याला चिकटवत होतो. अमेरिकेतल्या तासातासाच्या मेटारवर ही चूक कधी दिसलीच नसती.

आता मॉडेलच्या दोन तासांमध्ये सरळ इंटरपोलेशन, म्हणजे मधल्या वेळेला मधला आकडा. खड्डा गायब, आणि तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या डिसेंबरवर ब्रायर स्कोअर (शक्यतेच्या अंदाजातली चूक, कमी तेवढी बरी) पहिल्यांदाच क्लायमेटॉलॉजीच्या, म्हणजे नुसत्या जुन्या सरासरीच्या, खाली उतरला. त्या आनंदात चहा दोनदा झाला.

(आयोवा स्टेटचं मेटार अर्काइव्ह म्हणजे वरदान. ग्रिब, म्हणजे मॉडेलच्या आकड्यांच्या फायली, उघडायला मात्र मी परत डब्ल्यूग्रिब२ या जुन्या प्रोग्रॅमवर आलोय. नव्या लायब्रऱ्या दिसतात गोड, रॅम खातात भस्मासुरासारखी.)

पहिल्या दोन-तीन तासांना पर्सिस्टन्स, म्हणजे ‘आत्ता आहे तेच राहील’ हा अंदाज, अजून मला लोळवतोच. पुढचा बेत सीलिंगचा (ढगांच्या तळाच्या उंचीचा) होता, पण हे लिहितानाच सुचतंय: पर्सिस्टन्सशी भांडायचं कशाला, त्यालाच आत घ्यावं. अमेरिकी हवामान खात्याचं लॅम्प तेच करतं, एमओएसला ताज्या निरीक्षणाची जोड. पहाटे पाचची दृश्यता आणि तापमान-दवबिंदूतला फरक प्रेडिक्टर म्हणून घालून बघतो.

आणि हो, पावसाळ्यातली सीलिंगची जुनी समीकरणं? तीही त्याच राउंडवर जुळवलेली. म्हणजे आधी ती फेकायची.