माघार घ्यायची की नाही, हे त्याच न्यायाधीशाने का ठरवायचे?

रणजित ठाकूर या जवानाने आपल्या कमांडिंग ऑफिसरकडून होणाऱ्या वागणुकीची तक्रार थेट वरिष्ठांकडे पाठवली, आणि त्याबद्दल त्याला 28 दिवसांची कैद झाली. कैदेत असताना जेवण्याचा हुकूम त्याने मानला नाही, एवढ्या कारणावरून त्याचे कोर्ट मार्शल झाले आणि एक वर्षाची कैद व बडतर्फी अशी शिक्षा त्याच्या वाट्याला आली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच अधिकारी या कोर्ट मार्शलमध्ये बसला होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सारी कारवाई रद्द केली आणि एक कसोटी सांगितली: न्यायाधीशाने, कितीही प्रामाणिकपणे का होईना, ‘माझ्या मनात पक्षपात आहे का’ असे स्वतःला विचारत बसू नये; समोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या मनात काय येईल, याचा विचार करावा.

माझ्या मते आपल्याकडे या विषयावर याहून नेमके काही सांगितले गेलेले नाही. मात्र माघारीची, म्हणजे पक्षपाताची शंका येऊ शकेल अशा प्रकरणाच्या सुनावणीतून न्यायाधीशाने बाजूला होण्याची, आपली प्रत्यक्ष पद्धत या कसोटीशी विसंगत आहे. पक्षकाराच्या मनातली शंका खरी की खोटी, हे ठरवण्याचा अधिकार आपण ज्याच्याविषयी शंका आहे त्याच न्यायाधीशाच्या हाती ठेवला आहे.

हे तत्त्व जुने आहे. 1852 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपिली न्यायालयाने, लॉर्ड चॅन्सेलर या वरिष्ठ न्यायिक पदावरील कॉटनहॅम यांचा हुकूमनामा रद्द केला, कारण खटल्यात पक्षकार असलेल्या कालवा कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. या शेअरांचा त्यांच्या निर्णयावर तिळमात्र परिणाम झाला असेल असे कोणीही म्हणणार नाही, हे त्याच निकालात स्पष्ट नोंदवले गेले. पुढे गुणावगुणांवर कंपनीचीच बाजू टिकली. तरीही हुकूमनामा रद्द करणे आवश्यक मानले गेले, ही बाब मला फार मोलाची वाटते. कारण तिथे प्रश्न निकाल बरोबर की चूक हा नव्हता, तो निकाल द्यायला कोण बसले होते हा होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 1997 रोजी न्यायाधीशांसाठी आचारसंहिता स्वीकारली. जवळचे नातलग किंवा मित्र ज्यात गुंतलेले आहेत असे प्रकरण ऐकू नये, आणि ज्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत तिचे प्रकरण हितसंबंध उघड केल्याशिवाय व कोणाची हरकत नसल्याशिवाय ऐकू नये, असे ती सांगते. मात्र तिला कायद्याचे बळ नाही. संहितेचा भंग झालाच, तर घटनेने दिलेला उपाय म्हणजे संसदेतून पदच्युती, आणि तोही केवळ सिद्ध झालेली गैरवर्तणूक किंवा असमर्थता यांसाठी, दोन्ही सभागृहांतील विशेष बहुमताने. एका खटल्यात माघार घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, एवढ्यासाठी हा उपाय कोण वापरणार?

एप्रिल 2019 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप झाला, तेव्हा शनिवारी तातडीने बसलेल्या तीन न्यायमूर्तींच्या पीठावर ते स्वतःच होते. आदेशावर सह्या उरलेल्या दोघांच्या होत्या. आपण त्या पीठावर बसायला नको होते, असे त्यांनी निवृत्तीनंतर जाहीरपणे मान्य केले. आरोप खरा की खोटा हा मुद्दा इथे नाहीच. स्वतःविषयीच्या प्रकरणात पीठावर बसण्यापासून सर्वोच्च पदावरील व्यक्तीला रोखणारी कोणतीही यंत्रणा त्या दिवशी नव्हती, याची मला जास्त चिंता वाटते.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी गौतम नवलखा यांच्या याचिकेच्या सुनावणीतून 30 सप्टेंबर ते 3 ऑक्टोबर 2019 या काळात सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती एकामागून एक दूर झाले आणि आदेशांत कारण नोंदवले गेले नाही. मौनातून झालेली माघार कर्तव्यापोटी होती की अवघड प्रकरण टाळण्यासाठी, हे पक्षकाराला कळायला मार्ग उरत नाही. 2015 मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाच्या खटल्यात न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी माघारीची कारणे नोंदवणे हे न्यायाधीशाचे घटनात्मक कर्तव्य मानले होते. ते मला पूर्णपणे पटते. व्यक्तिगत तपशील नको असेल, तर ‘पक्षकाराशी नाते’ किंवा ‘पूर्वी वकील म्हणून काम पाहिले’ एवढी एक ओळही पुरेशी आहे.

माघारीची मागणी हे नकोसे पीठ टाळण्याचे हत्यार होऊ शकते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये भूसंपादन कायद्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी माघारीस नकार देताना हाच धोका दाखवला होता. त्याच प्रश्नावर त्यांनी 2018 मध्ये निकाल दिला होता आणि आता त्या निकालाचीच तपासणी करणाऱ्या घटनापीठाचे ते प्रमुख होते. पूर्वी व्यक्त केलेले कायदेशीर मत म्हणजे हितसंबंध नव्हे, हे खरेच. पण तोच नकार त्या पीठाबाहेरच्या न्यायमूर्तींनी दिला असता, तर जमीनमालकांना तो अधिक विश्वासाने स्वीकारता आला असता आणि खोडसाळ मागण्यांनाही त्यातून अधिक परिणामकारक आळा बसला असता.

हितसंबंध सुनावणीआधी लेखी उघड करणे, होकार असो वा नकार त्याचे कारण नोंदवणे आणि हरकतीचा निर्णय दुसऱ्या पीठाकडे सोपवणे, एवढ्या तरतुदींसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. अनुच्छेद 145 खाली सर्वोच्च न्यायालय राष्ट्रपतींच्या मान्यतेने स्वतःच्या कार्यपद्धतीचे नियम करू शकते, आणि या कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.